फ्रंट ब्रेक लावू नकोस, तोंडावर पडशील

हे वाक्य आपल्याकडे गाडी शिकलेल्या जवळपास प्रत्येकाने ऐकलं असणार. मलाही बाबांनी हेच सांगितलेलं, बारावीच्या सुट्टीत, सोसायटीमागच्या ग्राऊंडवर, त्यांच्या ९५ सालच्या यामाहा आरएक्स १०० बाईकवर. मुलीला आरएक्स शिकवतोय म्हणून आजी आठवडाभर त्यांच्याशी नीट बोलत नव्हती.

ती गाडी आता माझ्याकडे आहे. ९८ सीसी म्हणजे आजच्या हिशोबात काहीच नाही, पण इंजिन टू-स्ट्रोक, म्हणजे दर फेरीला ताकद देणारं, असल्यामुळे आणि वजन शंभर किलोच्या आसपास असल्यामुळे थ्रॉटल पिळला की जी काही उसळते ना, ते ज्याने चालवलीय त्यालाच कळेल. पावसाळ्यात मी एकटीच ताम्हिणी घाटात जाते. शनिवार-रविवारी नाही, तेव्हा तिथे फक्त गर्दी आणि कणसं असतात, तर मधल्या वारी सुट्टी टाकून. पौड सोडलं की भातखाचरांचा वास यायला लागतो आणि मुळशीच्या पुढे हवा एकदम गार होते, ते सगळ्यात आधी मनगटाला कळतं, जॅकेटची बाही आणि ग्लोव्हज यांच्या मधे जी बोटभर फट राहते ना, तिथे. कारमधून दहा वेळा गेलेय याच रस्त्याने, पण गाणी कुठली लागली होती एवढंच आठवतं.

घाट उतरताना मात्र मी घाबरून असते. टू-स्ट्रोकला इंजिन ब्रेकिंग जवळजवळ नाहीच, खालचा गिअर टाकला तरी गाडी आपली चाललीच आहे, सगळा भार ब्रेकवर आणि तेही दोन्ही जुन्या पद्धतीचे ड्रम ब्रेक. म्हणून घाटात मी म्हातारीसारखी चालवते.

आणि पडले कुठे, तर पिरंगुटच्या अलीकडे, सरळ रस्त्यावर, परत येताना. स्पीड चाळीस असेल नसेल. कुत्रं आडवं आलं, मी शिकवल्याप्रमाणे उजव्या पायाने मागचा ब्रेक दाबला, सगळा जीव एकवटून दाबला, मागचं चाक लॉक झालं आणि बारीक खडीवरून गाडी जी फिरली ती मला घेऊनच. कुत्रं व्यवस्थित होतं, पलीकडे जाऊन बघत उभं राहिलं. दुधाचे कॅन घेऊन चाललेले एक काका थांबले, मला उठवलं आणि पहिला प्रश्न, "गाडी चालू होते का बघ पोरी." झाली, दुसऱ्या किकला.

कोपर सोललं, जीन्सचा गुडघा गेला, डावा आरसा गेला. हेल्मेटच्या हनुवटीवर चार बोटं रुंद ओरखडा होता, त्यात डांबराचे कण रुतलेले. तो जबड्यावर नव्हता एवढंच. २०२२ साली देशात रस्त्यावर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, त्यातली साधारण ४४ टक्के दुचाकीवरची, आणि हेल्मेट न घातलेली पन्नास हजारांवर. आपल्या पुण्यात तरी हेल्मेट कोपरात अडकवून चौकातला पोलीस दिसला की घालतात. मीही घातलंय तसं.

नंतर वाचत बसले तेव्हा कळलं की ब्रेक मारला की सगळं वजन पुढे जातं, मागचं चाक हलकं होतं, त्यामुळे नुसता मागचा दाबला तर ते लॉक होणारच, गाडी थांबवायचं मुख्य काम पुढच्या ब्रेकचं. फक्त तो एकदम आवळायचा नाही, दाब वाढवत न्यायचा, आणि गाडी सरळ असताना. २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नवीन गाड्यांना एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं झालं, तिथे चाक लॉक व्हायची भीती कमी. आमच्या आरएक्सला कुठलं एबीएस, तिथे आपली बोटं हेच एबीएस.

बाबांना हे सांगितलं तर चिडले, तीस वर्षं चालवतोय म्हणाले. मग बराच वेळ त्या हेल्मेटवरून बोट फिरवत बसले. रविवारी सकाळी साडेसहाला मला उठवलं, ग्राऊंडवर खडूने रेघ मारली आणि दोघं आळीपाळीने तीसच्या स्पीडला येऊन पुढच्या ब्रेकने थांबायची प्रॅक्टिस करत बसलो. पहिल्या पाच वेळा बाबांचा पाय आपोआप मागच्यावर जात होता. सहाव्या वेळेला गाडीने पुढे नाक दाबलं आणि रेघेच्या हातभर अलीकडेच थांबली.

"तुला चुकीचं शिकवलं की गं," एवढंच म्हणाले, आणि परत मागे जाऊन किक मारली.