खाडीपलीकडचा फुटबॉल

आरोंद्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर गोव्यातलं किरणपाणी दिसतं, मधे काय ती तेरेखोलची खाडी. पण पलीकडची पोरं फुटबॉल खेळायची आणि अलीकडे आपण टेनिस बॉलचं क्रिकेट. मासळी तीच, जत्रा-दशावतार तेच, सोयरेधायरे पण तेच, पण होडीतून उतरलं की मळ्यामळ्यात गोलपोस्ट! आपल्या शाळेत फुटबॉल एकच, चामड्याचा, लेसवाला, पावसात भिजला की इतका जड की हेडर मारणारा दोन मिनिटं डोकं धरून बसायचा. हवा भरायला तो सायकलच्या दुकानात न्यायचा आणि दुकानवाले काका दर वेळी बडबडायचे.

1989 च्या जानेवारीत आपल्या पीटीच्या सरांनी सांगितलं, मडगावला नेहरू कप फुटबॉलची फायनल बघायला जायचं, ज्याला यायचंय त्याने घरून विचारून या. (हे हल्ली कुणाला सांगितलं की लगेच, अरे नेहरू कप म्हणजे क्रिकेट ना? तो वेगळा, तो त्याच वर्षी ऑक्टोबरात, आणि त्यातली ऑस्ट्रेलिया-श्रीलंका मॅच पण मडगावच्या ह्याच फातोर्ड्याच्या स्टेडियमवर झाली म्हणून सगळ्यांचा घोळ होतो.)

कोकण रेल्वे तेव्हा कुठे होती. किरणपाणीपर्यंत होडी, मग बस, चोपड्याला फेरीबोट, पुढे म्हापसा, आणि बेतीला परत फेरीबोट, कारण पणजीचा मांडवीवरचा पूल 1986 च्या पावसाळ्यात कोसळलेला आणि नवा व्हायचा होता. चोपड्याच्या फेरीबोटीतून पलीकडचा शिवोलीचा धक्का जवळ आला तसे सर म्हणाले, बघा रे, ह्याच गावात 1883 साली फादर लायन्स नावाच्या पाद्रीने गोव्यात फुटबॉल आणला. आम्ही माना डोलावल्या, पण सगळं लक्ष घावण्यांच्या डब्याकडे, कारण तो उघडायला सर काही परवानगी देत नव्हते.

स्टेडियम तेव्हा कोरंकरकरीत, 6 महिन्यांत उभं केलेलं. एवढी माणसं एका जागी मी आंगणेवाडीच्या जत्रेतच काय ती बघितलेली. फायनल हंगेरी आणि सोव्हिएत युनियनची, आपण अर्थात रशियाच म्हणायचो, आणि रशियाने आधीची सलग 4 वर्षं कप नेलेला त्यामुळे आम्ही सगळी पोरं बिनदिक्कत रशियाच्या बाजूने. जिंकली हंगेरी, 2-1. त्यातला एक गोल मला दिसलाच नाही, पुढचे लोक उभे राहिले आणि मी कुणाच्या तरी शर्टाची पाठ बघत राहिलो. बाजूला फुलाफुलांच्या फ्रॉकमधली एक म्हातारी होती, आमच्या आजीच्या वयाची, ती चुकीचा पास गेला की कपाळावर हात मारून ‘कितें करता रे हो!’ म्हणायची, आणि तिचं बरोबर असायचं. आपल्याकडे तेव्हा आज्या मॅचला जात नव्हत्या. मला वाटतं हंगेरी-रशियापेक्षा मी तिलाच जास्त बघितलं.

मग सरांनी माझं डोकं धरून फिरवलं, ‘बॉल काय बघतंस मेल्या, ज्याच्याकडे बॉल नाय तेका बघ.’ म्हणून मी हंगेरीचा कडेचा एक बॅक, म्हणजे बचावातला खेळाडू, धरला. तो लाईनीवरून सुसाट पुढे पळायचा, बॉल त्याला कोण देतच नसे, मग बिचारा चालत मागे यायचा, कंबरेवर हात ठेवून श्वास घ्यायचा, की परत पळायचा. मला वाटलं ह्याच्याशी टीमने भांडण केलंय. सर म्हणाले, तो पळाला की समोरचा एक त्याच्या मागे जातो, मधे जागा होते, ती जागा त्याने केली. मी आजवर फुटबॉल बघतो तो तसाच, टीव्हीवर कॅमेरा बॉलच्या मागे धावतो म्हणून चिडचिड होते.

रात्री मडगावात सरांच्या कुणा पाहुण्यांच्या ओट्यावर झोपलो. परत आल्यावर भात कापलेल्या कुणग्यात बांबूचे गोलपोस्ट रोवून टीम केली, पेडण्याकडच्या पोरांनी आम्हाला धू धू धुतलं, आणि पुढे दहावी आली, सर बदलून गेले, बांबू कुणीतरी जळणाला नेले.

2017 मध्ये अंडर-17 वर्ल्ड कपला मुलीला घेऊन परत फातोर्ड्याला गेलो. इराणने जर्मनीला 4-0 मारलं तो दिवस, आणि बाईसाहेब सगळा वेळ बॉल बघत होत्या, मी सांगून थकलो.

आता आपल्या गावच्या मैदानाच्या कमिटीला एक विनंती. मैदानाला रोलर आलाय, क्रिकेटची पिच झालीय, छान झालं, पण दोन्ही टोकांना लोखंडी गोलपोस्ट बसवा, जाळ्यांचा खर्च माझा. पिच मधे येते म्हणाल तर पलीकडे पेडण्यात जाऊन बघून या, तिथे एकाच मैदानात दोन्ही खेळतात.