क्रिएटिनिन वाढलं, तरी गोळी थांबवली नाही

मधुमेहाला चौदा वर्षं झाली होती. दर सहा महिन्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन तपासायचो, म्हणजे किडनी बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, किडनीचं काम मंदावलं की वाढणारा; १.१ आलं की किडनी ठीक, असं धरून चाललो होतो. लघवीतलं अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातून झिरपणारं प्रथिन, तपासायला कधी कुणी सांगितलंच नाही. गेल्या पावसाळ्यात नव्या डॉक्टर मॅडमनी सकाळच्या पहिल्या लघवीची एसीआर चाचणी, म्हणजे लघवीतल्या अल्ब्युमिनचं क्रिएटिनिनशी प्रमाण, लिहून दिली. आकडा आला १८६. हवा ३० च्या आत. तापात किंवा जंतुसंसर्गातही तो चढतो, म्हणून तीन महिन्यांत आणखी दोनदा तपासलं. दोन्ही वेळा दीडशेच्या वर.

"पण मॅडम, क्रिएटिनिन तर नॉर्मल आहे ना?"

त्यांनी केसपेपरच्या मागे चित्र काढलं. हृदयातून निघणाऱ्या रक्तातला जवळपास पाचवा हिस्सा, मिनिटाला लिटरभर, या दोन मुठीएवढ्या अवयवांत जातो. तिथल्या प्रत्येक गाळणीला रक्त आणणारी एक बारीक रक्तवाहिनी, नेणारी दुसरी. साखर जास्त असली की किडनी गाळलेली साखर परत ओढून घेते आणि तिच्याबरोबर मीठही. पुढे मीठ कमी पोचतं, त्यावरून गाळण कमी पडतंय असा किडनीचा समज होतो आणि ती आणणारी वाट रुंद करते. नेणारी वाट मात्र आवळलेली. सगळा दाब मधल्या गाळणीवर! सुरुवातीला त्या दाबाने गाळण उलट वाढतं, म्हणून क्रिएटिनिन चांगलं दिसतं, आणि इकडे प्रथिनं झिरपत राहतात. माझी चौदा वर्षं त्या चांगल्या दिसण्यात गेली, याचं आजही वाईट वाटतं.

टेल्मिसार्टन ही रक्तदाबाची गोळी सुरू झाली. दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन १.३, ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा अंदाज, ७९ वरून ६४. दादा म्हणाला, "गोळीनेच किडनी जातेय, आधी बंद कर." आमच्या बाबांचं डायलिसिस आम्ही दोघांनी दोन वर्षं केलंय, त्यामुळे त्याचा आवाज का कापत होता ते मला कळत होतं. रात्रभर झोप नाही. सकाळी गोळी न घेता, ती खिशात टाकून दवाखाना गाठला.

मॅडमनी तेच चित्र पुढे ठेवलं. गोळीने नेणारी वाट सैल झाली, दाब उतरला, मग गाळण थोडं कमी दिसणारच. क्रिएटिनिन ३० टक्क्यांपर्यंत वाढलं तर चालतं. त्यापुढे गेलं तर किडनीच्या धमनीत अडथळा आहे का, हे डॉपलरवर, म्हणजे रक्ताचा प्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, पाहायचं. पोटॅशियम ४.६, ठीक होतं. गोळी तिथेच घेतली.

महिन्याने क्रिएटिनिन १.३ वरच थांबलेलं. मग डापाग्लिफ्लोझिन १० मिलिग्रॅम. ही मधुमेहाची गोळी साखर आणि मीठ परत ओढणं रोखते, त्यामुळे आणणारी वाट आवळते. २०२० मध्ये पेटंट संपल्यापासून ती बऱ्याच कंपन्यांची मिळते, त्यामुळे परवडते. जुलाब-उलट्या झाल्या तर दोन्ही गोळ्या थांबवून लगेच फोन करायचा, हे फ्रिजवर लिहून लावलंय. गुडघ्यासाठी घ्यायचो त्या वेदनाशामक गोळ्या मॅडमनी पूर्ण बंद केल्या. त्या गोळ्यांनी किडनीला जाणारं रक्तच कमी होतं.

गेल्या आठवड्यात एसीआर ६४ आला. दादालाही नऊ वर्षांपासून साखर आहे. आज सकाळी त्याच्या लघवीची बाटली मीच लॅबमध्ये देऊन आलो. रिपोर्ट उद्या.