कोट कुणाचा?

भाच्याला कॉलेजात प्रोजेक्ट मिळालंय: ‘कष्टकऱ्यांचे चेहरे’. रविवारी दुपारी गळ्यात कॅमेरा अडकवून तो आमच्या खालच्या इस्त्रीवाल्या काकांसमोर जाऊन उभा राहिला. कोळशाची इस्त्री, घामेजलेलं बनियन, मागे कपड्यांची गाठोडी. अगदी हवं तसं. काका म्हणाले, “दोन मिनिटं हां,” आणि टपरीमागे गेले. आले ते केस विंचरून, कडक निळ्या शर्टात. शर्ट गठ्ठ्यातलाच होता. दुसऱ्या मजल्यावरच्या साहेबांचा. मी ओळखला, पण गप्प बसलो.

भाचा हिरमुसला. “अरे मामा, बनियनमध्येच भारी वाटत होते!”

अमेरिकन फोटोग्राफर अर्विंग पेनलाही हाच अनुभव आला होता. १९५०-५१मध्ये ‘व्होग’ या फॅशन मासिकासाठी त्याने पॅरिस, लंडन आणि न्यूयॉर्कमधल्या कामकरी माणसांना कामाच्या कपड्यांत, हत्यारांसकट स्टुडिओत बोलावलं. पॅरिसवाल्यांना संशय, की हा नक्की करतोय काय. लंडनवाल्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. न्यूयॉर्कचे काहीजण मात्र बजावून सांगूनही गुळगुळीत दाढी करून, ठेवणीतल्या सुटात हजर! आता हॉलिवूड फार लांब नाही, अशी त्यांची खात्री होती, असं पेननेच लिहून ठेवलंय. मला तेच लोक आवडतात.

जर्मन फोटोग्राफर ऑगस्ट सँडर त्या मानाने समजूतदार. १९१४ साली त्याने नाचाला निघालेल्या तीन तरुण शेतकऱ्यांचा फोटो काढला. सूट, हॅट, हातात काठ्या, आणि चेहऱ्यावर काय तो तोरा! नांगर घेऊन या, असं त्यांना कुणी म्हटलं नाही.

आमच्या तालुक्याच्या स्टुडिओत तर कोट खिळ्यालाच टांगलेला असायचा. सगळ्या गावाला एकच. आरशाखाली पावडरचा डबा, सुतळीला बांधलेला कंगवा, पडद्यावर काश्मीर. अण्णा एसटी आगारात मेकॅनिक होते. फोटोच्या दिवशी रॉकेलने हात धुऊन, वर साबण चोळून आले, तरी नखांतलं काळं गेलं नव्हतंच. कोट त्यांना ढगळ झाला, म्हणून फोटोवाल्याने पाठीमागून वाळत घालायचे चिमटे लावले. खाली लेंगाच होता. मी बाकावरून ते चिमटे बघून खुसखुसत होतो आणि अण्णा डोळ्यांनी दटावत होते. फोटो कमरेपर्यंतच निघाला. त्यात अण्णा थेट मामलेदार दिसतात. हात फोटोत नाहीतच.

आगारात, बसखालून बाहेर येतानाचा त्यांचा एखादा फोटो असता, तर मी मोठा करून भिंतीवर लावला असता.

अण्णांनी तो खाली उतरवायला लावला असता.