टायर उतारासाठी निवडावेत

गेल्या हिवाळ्यात मी माझी इलेक्ट्रिक एसयूव्ही घेऊन बर्फाळलेला घाट चढलो, तेव्हा गाडीला कारखान्यातून आलेले ऑल-सीझन टायरच होते. चढताना चाके एकदाही घसरली नाहीत, आणि दोन्ही आसांना मोटर असलेली गाडी काय करू शकते याचे मला कौतुकच वाटले. रात्रभर वर मुक्काम केला, बॅटरी १०० टक्के चार्ज करून ठेवली आणि सकाळी उतरू लागलो. पहिल्याच वळणावर ब्रेक दाबला, पायाखाली एबीएसची ती ओळखीची धडधड जाणवली, स्टिअरिंग पूर्ण वळलेले असूनही गाडी सरळच जात राहिली आणि रस्त्याकडेला साचलेल्या बर्फात तिचे नाक रुतले. वेग फार नव्हता, त्यामुळे बंपरवरच्या एका ओरखड्यावर निभावले.

त्यानंतर टायर निवडताना मी एकच प्रश्न विचारू लागलो: हा टायर उतारावर काय करील? इलेक्ट्रिक गाडी चढावर फसवते. तिचा टॉर्क क्षणात मिळतो, पण तो मिलिसेकंदांच्या हिशेबाने आवरताही येतो, म्हणून बेताच्या टायरांवरही ती निमूटपणे वर जाते. थांबायचे आणि वळायचे मात्र चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार ठशांवरच असते. त्यातच भर अशी की मंदावताना मोटर जी वीज परत बॅटरीत भरते (हेच रिजनरेशन), ती पूर्ण भरलेली किंवा गारठलेली बॅटरी फारशी घेऊ शकत नाही. रोज अॅक्सिलरेटरवरून पाय काढताच गाडी मंदावण्याची सवय झालेली असते आणि नेमक्या उतारावर ती सोय नाहीशी होते. (ती सोय शाबूत असली तरी निसरड्यावर तिची तीव्रता कमी ठेवावी, हे माझे मत; केवळ मागच्या चाकांना मोटर असलेल्या गाडीत जोरदार रिजनरेशन म्हणजे वळणावर हलकेच ओढलेला हँडब्रेकच.)

उताराचा हिशेब कागदावर मांडला की चित्र स्पष्ट होते. दाबलेल्या बर्फावर चांगल्या हिवाळी टायरचा घर्षणांक ०.२५ आणि थंडीत कडक झालेल्या टायरचा ०.१५ धरू. ताशी ४० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सपाट रस्त्यावर पहिल्या टायरांवर सुमारे २५ मीटरांत थांबते. रस्त्याला १० टक्के उतार असेल, तर त्या घर्षणातले जवळजवळ ०.१० गुरुत्वाकर्षणाला तोंड देण्यातच खर्ची पडते, आणि तेच अंतर ४२ मीटर होते. दुसऱ्या टायरांसाठी मात्र शिल्लक फक्त ०.०५ उरते आणि अंतर १२५ मीटरांच्या पुढे जाते. प्रत्यक्षात बर्फाच्या पोताप्रमाणे हे आकडे बदलतील, पण उतारावर टायरांमधला फरक किती पटींनी वाढतो हे यातून दिसते. या गणितात गाडीचे वजन कुठेच येत नाही, त्यामुळे ‘जड गाडी रस्ता चांगला धरते’ या समजुतीलाही फारसा आधार उरत नाही.

रबराचा फरक हातालाही कळतो. साधारण ७ अंश सेल्सियसच्या खाली उन्हाळी मिश्रण ताठ होऊ लागते. गारठलेल्या सकाळी मी जुन्या आणि नव्या हिवाळी अशा दोन्ही टायरांच्या ठोकळ्यांवर अंगठ्याचे नख रोवून पाहिले. जुन्यावर नख नुसते घसरले, हिवाळी टायरवर मात्र खूण उमटली आणि ठोकळ्यातल्या नागमोडी बारीक चिरा किंचित उघडल्या. बर्फात कडा रोवतात त्या याच चिरा.

खरेदी करताना टायरच्या बाजूवर तीन शिखरे आणि त्यांत हिमकण अशी खूण आहे की नाही, ते आधी पाहावे. १९९९ पासून वापरात असलेली ही खूण ठरावीक हिमचाचणी पार केल्यावरच मिळते. माझ्या जुन्या टायरांवर नुसती ‘एम+एस’ (मड अँड स्नो, म्हणजे चिखल आणि हिम) ही अक्षरे होती, आणि ती उत्पादक चाचणीशिवायही छापू शकतो. शिखरांची खूणही हिमावरच्या पकडीची आहे, घट्ट काचेसारख्या बर्फाची नव्हे. तसा बर्फ रोजचा असेल तर अधिक मऊ मिश्रणाचे उत्तरेकडील धाटणीचे टायर किंवा कायद्याने मुभा असेल तेथे खिळ्यांचे टायर घ्यावेत. माझ्या घाटात ओला रस्ता, चिखलट बर्फ आणि कोरडे डांबर हे सारे एकाच तासात भेटते, म्हणून मी त्या वाटेला गेलो नाही.

पुढची पायरी भारांकाची, म्हणजे टायर किती वजन पेलतो हे सांगणाऱ्या त्यावरच्या आकड्याची. बॅटरीमुळे या गाड्या जड असतात, आणि मापाने बसणारा प्रत्येक टायर ते वजन पेलतोच असे नाही. भारांक १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० आणि १०८ म्हणजे १००० किलो. गाडीच्या पत्रकातल्या भारांकाखाली जाऊ नये. ‘एक्सएल’ (जादा भार) किंवा त्याहून वरची ‘एचएल’ ही खूण लागते ती याचसाठी.

मापाच्या बाबतीत मी २० इंची रिम सोडून १९ इंची घेतली. बाजूची भिंत उंच झाल्याने बर्फाखाली दडलेल्या खड्ड्यात रिम वाचते, आणि बर्फात चाकावर चढवायच्या साखळीला आत जागा मिळते. मात्र छोटी रिम ब्रेकच्या कॅलिपरवरून जाते का, आणि साखळी कोणत्या मापावर व कोणत्या आसाला चालते, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

हिवाळी टायरांनी रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर, कमी होते, हे खरे आहे. पण थंड बॅटरी आणि हीटर आधीच तिचा मोठा वाटा खातात, त्यामुळे कमी रोलिंग रेझिस्टन्सच्या (टायर गडगडताना होणाऱ्या विरोधाच्या) मोहापायी पकड सोडणे मला पटत नाही. उलट हवेकडे लक्ष दिले तर थोडी रेंज फुकट परत मिळते: तापमान ५-६ अंशांनी उतरले की दाब साधारण १ पीएसआयने पडतो, म्हणून उबदार गॅरेजमध्ये भरलेली हवा घाटमाथ्यावर कमी भरते.

चारही टायर एकाच जातीचे हवेत, हे वेगळे सांगायला नको. त्यांची झीज मात्र एकसारखी होत नाही. परवा खाचांची खोली मोजली तेव्हा पुढे ६ मिलिमीटर भरली, तर मोठी मोटर असलेल्या मागच्या आसावर ५. कायद्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी १.६ असली तरी बर्फासाठी मी ४ च्या खाली जात नाही, त्यामुळे या हंगामात मधेच पुढचे-मागचे अदलाबदल करून घेणार आहे.