जुना चारिझार्ड विकायचा की ठेवायचा?

१९९९च्या इंग्रजी पोकेमॉन बेस सेटमध्ये, म्हणजे या पत्त्यांच्या खेळाच्या पहिल्या संचात, १०२ कार्डं आहेत, पण जीव अडकतो तो चौथ्या क्रमांकाच्या चारिझार्डमध्ये, त्या आग ओकणाऱ्या पोकेमॉनच्या कार्डात. धड प्रत मिळाली की अल्बममधली जुनी काढावी लागते, आणि नेमकी तीच दप्तरातून फिरलेली असते: कडा पांढऱ्या पडलेल्या, फॉइलवर, म्हणजे चकाकत्या थरावर, चरे, मागे पेनाने लिहिलेलं नाव. अशा प्रतीला चांगल्या प्रतीच्या मानाने कितीतरी कमी पैसे येतात. माझं मत स्पष्ट आहे, नाव असलेलं कार्ड विकू नका.

मात्र दोन्ही प्रती एकाच खणात कोंबू नका, कडा दबतात. जुनी आधी मऊ स्लीव्हमध्ये, म्हणजे पातळ प्लास्टिकच्या पाकिटात, मग ३५ पॉइंटच्या (साध्या कार्डाच्या जाडीला बसणाऱ्या) टॉपलोडरमध्ये, म्हणजे कडक प्लास्टिकच्या पाकिटात. स्वस्तातली मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, ती कालांतराने कार्डाला चिकटतात. नाव खोडायला जाल तर वरचा छापील थरच निघून येईल.

पावसाळ्यात कागद ओल शोषून फुगतो, फॉइल फुगत नाही, म्हणून कार्ड वाकतं. घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवा आणि दर पावसाळ्याआधी बदला.

दुबार आलेली साधी एनर्जी कार्डं, म्हणजे खेळात पोकेमॉनला ताकद पुरवणारी कार्डं, खुशाल वाटून टाका.