सोळा अध्यायांना लागलेले चौदा महिने

मध्य मुंबईतल्या आमच्या मराठी ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) एका रविवारी उपासना संपल्यावर पाळकसाहेबांनी मला थांबवले. अहिल्यानगर जिल्ह्यातून नुकत्याच मुंबईत आलेल्या एका तरुण परिचारिकेची ओळख करून देत ते म्हणाले, "बाई, हिला विश्वासात वाढायला सोबत करा." मी तीस वर्षे शाळेत शिकवले होते, शब्बाथशाळेचे (मंडळीतल्या बायबल-शिक्षणाचे) वर्गही घेतले होते, त्यामुळे हे काम मला अवघड वाटले नाही.

पहिला प्रश्न वेळेचा होता. परळच्या रुग्णालयात तिला तीन पाळ्यांत काम करावे लागे आणि साप्ताहिक सुटी रविवारी क्वचितच मिळे. म्हणून ज्या आठवड्यात सकाळची ड्यूटी असेल त्या आठवड्यात गुरुवारी संध्याकाळी, आणि रात्रपाळी असेल तर ती संपल्यावर सकाळी, तिने लालबागला माझ्या घरी यायचे असे ठरले. रात्रपाळीनंतर चहा-चपाती झाली की कधीकधी तिचे डोळे मिटू लागत. तेव्हा मी पवित्र शास्त्र, म्हणजे बायबल, बाजूला ठेवून तिला झोपू देई. त्या झोपेचाही या कामात वाटा होता, असे मला आज मनापासून वाटते.

मी बारा धड्यांची एक वही तयार केली होती: तारण, पश्चात्ताप, प्रार्थना, पवित्र आत्मा, प्रत्येकाखाली प्रश्न आणि उत्तरासाठी मोकळ्या ओळी. ती दृढीकरणाच्या, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्यांना विश्वासाची तयारी करून देणाऱ्या, वर्गातून आलेली असल्यामुळे तिची सर्व उत्तरे बरोबर येत, आणि मी समाधानाने पुढच्या धड्याकडे वळत असे.

सहाव्या धड्याच्या सुमारास तिच्या वॉर्डातला एक लहान मुलगा दगावला. त्याच्यासाठी तिने आठवडाभर रोज प्रार्थना केली होती. "मावशी, देवाने ऐकले का नाही?" असे तिने विचारले, तेव्हा मी लगेच बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायातले अठ्ठाविसावे वचन वाचून दाखवले, ज्यात देवावर प्रीती करणाऱ्यांसाठी सर्व गोष्टी मिळून कल्याणकारी होतात असे सांगितले आहे. वचन खरे आहे. पण ते मी तिचे रडणे थांबवण्यासाठी वापरले होते. तिने मान हलवली, वही मिटली आणि त्यानंतर तीन आठवडे ती आली नाही.

मी पाळकसाहेबांकडे गेले. त्यांनी मला ख्रिस्ती झालेले कवी रेव्हरंड ना. वा. टिळक यांची आठवण करून दिली. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईतच झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० मध्ये. "ती मधली पाच वर्षे कोणत्या वहीत बसतील, बाई?" असे त्यांनी विचारले. मग त्यांनी मत्तयकृत शुभवर्तमानाचा शेवटचा अध्याय काढला. सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा ही आज्ञा मला तोंडपाठ होती; परंतु प्रभूने जे आज्ञापिले ते 'पाळायला' शिकवा असे तिथे म्हटले आहे, या शब्दापाशी मी कधी थांबले नव्हते. पाळणे हे कोणाच्या तरी जगण्यात पाहिल्याशिवाय शिकता येत नाही, आणि मी तर त्या मुलीला माझ्या जगण्यातले काहीच दाखवले नव्हते.

मी तिच्या होस्टेलवर जाऊन तिची क्षमा मागितली. माझे यजमान वारले तेव्हा कित्येक महिने मला प्रार्थना करता आली नव्हती, हे मी कोणालाही न सांगितलेले तिला सांगितले. त्या दिवशी आम्ही तेरावे स्तोत्र वाचले, ज्यात दाविदाने "किती काळ?" असे देवालाच पुन्हा पुन्हा विचारले आहे. तिने ते दोनदा वाचायला सांगितले.

वही मग कपाटात गेली आणि आम्ही मार्ककृत शुभवर्तमान, म्हणजे मार्काने सांगितलेले सोळा अध्यायांचे येशूचे चरित्र, पहिल्या ओवीपासून (वचनापासून) वाचायला घेतले. कधी अर्धा अध्याय होई, कधी चारच ओव्या. वाचून झाल्यावर मी दोनच प्रश्न विचारी: येशू इथे काय करतो, आणि या आठवड्यात आपण दोघींनी काय करायचे? पुढच्या भेटीत मीही माझे उत्तर देई, न जमलेले असले तरी. वादळात प्रभूला उठवून "आम्ही बुडतो, तुम्हाला काळजी नाही का" असे विचारणारे, आणि अटकेच्या रात्री त्याला सोडून पळणारे शिष्य तिला फार जवळचे वाटले. नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप आपला विश्वास आणि अविश्वास दोन्ही एकाच वाक्यात प्रभूपुढे ठेवतो, तिथे आम्ही तीन आठवडे थांबलो. त्या काळात ती तिच्या वॉर्डातल्या रुग्णांसाठी पुन्हा प्रार्थना करू लागली होती.

सोळावा अध्याय संपायला चौदा महिने लागले. त्यानंतर आठवड्याभराने तिने फोन करून सांगितले की, होस्टेलच्या खोलीतल्या मैत्रिणीला तिच्याबरोबर वाचायचे आहे. प्रेषित पौलाने आपला शिष्य तीमथ्य याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात पौल, तीमथ्य, विश्वासू माणसे आणि ती ज्यांना शिकवतील ते, अशा चार पिढ्या एकाच ओवीत आहेत. ती ओवी मी वर्गात अनेकदा शिकवली होती. तरी माझ्या तोंडून पहिले वाक्य निघाले ते "मीही येऊ का?" असेच. ती थोडी घुटमळली आणि म्हणाली, "मावशी, आधी आम्ही दोघीच बसतो. तुम्ही प्रार्थनेत आठवण ठेवा."

त्यांचे आता चौथ्या अध्यायापर्यंत वाचून झाले आहे. गुरुवारी संध्याकाळी मी चहा एकटीचाच ठेवते आणि दोघींची नावे घेऊन प्रार्थनेला बसते.