राजाच्या नावची वेठ

इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्यावर आणि त्यात ठेवलेल्या छोट्या बाहुल्यांवर, म्हणजे शाब्तींवर, कुठेही बोलले की शेवटी एक हात हमखास वर होतो. "पूर्वी राजाबरोबर जिवंत नोकर पुरायचे, त्यांच्या जागी या बाहुल्या आल्या ना?"

तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते: नाही, निदान सुरुवातीला तरी नाही. इजिप्तमधल्या अबायडोसला पहिल्या राजवंशातल्या राजांभोवती माणसं पुरलेली सापडतात हे खरं. एकट्या जेर राजाभोवती तीनशेच्या वर थडगी आहेत. पण ती रीत त्याच राजवंशाबरोबर संपली आणि शाब्ती आल्या त्यानंतर काही शतकांनी. शिवाय एखादी शाब्ती हातात घेतल्यासारखी नीट बघा. ममीसारखं गुंडाळलेलं अंग, हातात कुदळी, पाठीवर बियाण्याची पिशवी. आणि अंगावर नाव? नोकराचं नाही, खुद्द मेलेल्याचंच!

कारण परलोकातही शेती होती, पाट होते आणि नाईलकाठी असायची तशी सरकारी वेठही होती. 'मृतांच्या पुस्तका'तला सहावा मंत्र या बाहुल्यांवर कोरलेला असतो. त्याचा आशय असा: शेत कसायला, पाणी द्यायला, वाळू वाहायला माझ्या नावाचा पुकारा झाला, तर "मी आहे" असं तू म्हणायचंस. पुढे रूढ झालेल्या 'उशाब्ती' या नावाचा अर्थच 'उत्तर देणारा' असा लावतात. मी त्याला 'ओ देणारा' म्हणते. वर्गात मैत्रिणीच्या नावाला 'हजर' म्हटलेल्यांना वेगळं समजवायला लागत नाही.

तुतनखामेनकडे असे 413 होते. वर्षाच्या दिवसांचे 365 मजूर, दर दहा जणांमागे एक असे 36 मुकादम (तिथला आठवडा दहा दिवसांचा), वर महिन्यामहिन्याचे 12 मुकादम. एवढा बंदोबस्त केला की राजाला कुदळ हातात धरायची वेळच यायची नाही.

मात्र पुढच्या काळात तुमचं 'नोकर' बरोबर ठरतं. मुकादमांच्या हातात चाबूक दिसू लागतो. ब्रिटिश म्युझियममध्ये विक्रीची एक पावती आहे, पपायरसवर लिहिलेली. एका मुलाने बापासाठी 401 बाहुल्या घेतल्या आहेत. कारागिराने चांदी पोचल्याचं लिहून दिलंय, आणि त्याच कागदात बाहुल्यांना दटावलंय: चला, लवकर कामाला लागा, पैसे मिळाले आहेत.